कॅमेऱ्याला 'म्हणे' येत नाही: मानवतची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना

मराठीत एक छोटासा शब्द आहे, ज्याच्याकडं आपण फारसं लक्ष देत नाही. म्हणे. 'त्या वाड्यात म्हणे धन पुरलंय.' 'तिला म्हणे अंगात येतं.' हा शब्द वाक्यात टाकला की बोलणारा स्वतःची जबाबदारी अलगद काढून घेतो. मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, खरं-खोटं तुम्ही ठरवा. आमच्या भागात त्याचा 'म्हनं' होतो आणि दर दोन वाक्यांनी येतो. जगातल्या काही भाषांमध्ये क्रियापदाच्या रूपातच सांगावं लागतं की ही माहिती डोळ्यांनी पाहिलेली आहे की ऐकीव. आपल्याकडं ते काम हा एवढासा शब्द करतो.

माझ्या पीएचडीचा विषय सत्य घटनांवरचे मराठी-हिंदी चित्रपट हा आहे, आणि विषय सांगितला की लोक विचारतात, 'म्हणजे कुठला सिनेमा किती खरा, ते शोधणार?' नाही. तो प्रश्न मला फारसा रंजक वाटत नाही. मला बघायचंय ते वेगळंच: तीच घटना पुन्हा पुन्हा पडद्यावर येते तेव्हा दर वेळी त्यातला 'म्हणे' कुठं जातो. आणि त्यासाठी आपल्या उंबरठ्यावरचंच उदाहरण आहे. मानवत.

नांदेडहून संभाजीनगरकडं जाणाऱ्या गाडीत परभणी सोडलं की थोड्या वेळानं मानवत रोड स्टेशन येतं. गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं, निदान जायला पाहिजे. पण मराठवाड्यात वाढलेल्या कुणाला 'मानवत' म्हणा, पुढचा शब्द 'खून' असतो. ज्यांनी फक्त नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तिथं आणि आसपास एकामागून एक खून पडले. मारल्या गेल्या त्या दहाएक वर्षांच्या मुली आणि तिशी-पस्तिशीतल्या बायका. एक तान्हं लेकरूही त्यात होतं. साल लक्षात घ्या. ७२चा दुष्काळ. घरातली मोठी माणसं खडी फोडायला कामावर, खायला सुकडी आणि बाहेरून आलेली लाल मिलो. पोरी सरपणाला, शेणाला, पाण्याला एकट्या बाहेर. आमच्या घरात ७२चा विषय निघाला की आधी मिलोच्या भाकरीची चव निघते आणि मग, आवाज थोडा खाली आणून, मानवत.

स्थानिक तपासातून काही हाती लागेना, तेव्हा मुंबईहून गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना पाठवलं गेलं. १९६८ साली रामन राघवला पकडणारे तेच हे अधिकारी. त्यांच्या तपासातून जी कहाणी कोर्टापुढं आली ती अशी: गावातलं बडं प्रस्थ असलेले उत्तमराव, त्यांच्यासोबत राहणारी रुक्मिणी नावाची पारधी समाजातली बाई, तिला मूल हवं होतं, पिंपळाखाली गुप्तधन होतं, ते राखणारा मुंजाबा होता, आणि मांत्रिकानं सांगितलं की त्याला रक्त लागतं. म्हणून हे बळी.

ही कहाणी तुम्ही ऐकलीच असेल. आता जे सहसा ऐकायला मिळत नाही ते सांगते. परभणीच्या सेशन्स कोर्टात दोषी ठरलेले रुक्मिणी आणि उत्तमराव सुप्रीम कोर्टाचा निकाल येईपर्यंत निर्दोष ठरलेले होते. इतर काहींची दोषसिद्धी टिकली. या दोघांची नाही.

मी या विषयावर बोलते तेव्हा इथं लोक थबकतात. 'सुटले?' हो. मग लगेच दुसरं वाक्य येतं, 'पैशानं सुटले असतील.' पुन्हा तोच 'म्हणे', फक्त आता 'असतील'चा वेष घेऊन.

निकाल १९७७चा आहे, लिहिला न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो, पण 'मानवत' म्हणून नाही. 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं. लातूरला एलएलबी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला दगडू खटला परीक्षेला येतो म्हणून चांगला माहीत होता. तो मानवतचा आहे हे माहीत नव्हतं. एकाच घटनेच्या दोन आठवणी, एक वकिलांची आणि एक आज्यांची, इतकी वर्षं शेजारी राहून एकमेकींना भेटल्याच नाहीत.

वकिलांच्या आठवणीत तो निकाल का आहे? मुख्यतः माफीच्या साक्षीदारामुळं. म्हणजे असा माणूस जो स्वतः गुन्ह्यात सामील होता, पण सगळं खरं सांगतो म्हणून त्याला माफी मिळाली. या खटल्यात सरकारी बाजूचा भार अशाच साक्षींवर होता. त्यांच्याबद्दल तेव्हाच्या पुरावा कायद्यातली दोन कलमं वरवर परस्परविरुद्ध बोलत होती. कलम १३३ म्हणत होतं की अशा साक्षीवर शिक्षा दिली तर ती बेकायदा नाही. कलम ११४ खालचं एक उदाहरण म्हणत होतं की असा साक्षीदार भरवशाचा नसतो असं कोर्टाला धरून चालता येतं, जोवर दुसरा पुरावा त्याला दुजोरा देत नाही. कोर्टानं दोन्हींची सांगड घातली: कायद्यानं चालतं, पण शहाणपणाचा नियम असा की दुजोरा हवाच. आणि नुसता 'खून झाला' याला दुजोरा पुरत नाही. त्या त्या आरोपीचा गुन्ह्याशी संबंध जोडणारा दुजोरा हवा. दहा आरोपी असतील तर दहांचा वेगवेगळा हिशोब. कारण उघड आहे. जो स्वतः खुनाच्या वेळी हजर होता त्याला खुनाची जागा, वेळ, हत्यार सगळं माहीत असणार. त्या खऱ्या तपशिलांच्या गर्दीत एखादं नाव जास्तीचं घुसवणं त्याला फार सोपं असतं.

याच निकालात आणखी दोन गोष्टी आहेत. कबुलीजबाब नोंदवताना मॅजिस्ट्रेटनं काय काळजी घ्यायला हवी याची चर्चा आहे. आणि पोलिसांबद्दल एक स्पष्ट इशारा आहे, की गुन्हा शोधण्याच्या भरात, आपल्या ताब्यात आडोशाला सापडलेल्या माणसावर बळ वापरण्याचा मोह त्यांना होतो आणि तो वेळीच खुडला पाहिजे. सर्वसाधारण वाक्य म्हणून वाचलं तर साधंच आहे. पण ताब्यात कोण होतं ते आठवून वाचा. ब्रिटिशांनी १८७१ साली काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा आणला. तो शिक्का कागदावरून पुसला गेला १९५२ साली, म्हणजे मानवतच्या पहिल्या खुनाच्या फक्त वीस वर्षं आधी. पारधी हे त्या शिक्क्याचं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं नाव. आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीवर जाते, हे मराठवाड्यातल्या वाचकाला मी सांगायची गरज नाही.

तर मूळ सामग्री ही. आता पडदा.

पहिला चित्रपट 'आक्रीत', १९८१. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन अमोल पालेकरांचं, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. फ्रान्समधल्या नान्तच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. यात उत्तमराव नाहीत, मुकुटराव शिंदे आहेत. रुक्मिणी नाही, रूही आहे. मुकुटराव स्वतः पालेकर, रूही चित्रा पालेकर. १९८१च्या प्रेक्षकाला पालेकर म्हणजे 'रजनीगंधा' आणि 'गोलमाल'मधला शेजारच्या घरातला सालस मुलगा. तोच चेहरा इथं गावाच्या उरावर बसलेला माणूस म्हणून आला. ही निवड मला फार हुशारीची वाटते. दुष्टपणा चेहऱ्यावर लिहिलेला नाही, तुमच्यातल्याच चेहऱ्यावर आहे.

'आक्रीत' हे नावही बघा. विपरीत, अघटित. आपण हा शब्द कधी वापरतो? दुसऱ्याच्या दारात काहीतरी घडलं की पदर तोंडाला लावून, 'काय बाई आक्रीत!' म्हणजे शीर्षकच बघणाऱ्याच्या तोंडचं आहे. तेंडुलकरांना रस होता तो सत्तेत: कुणाकडं ताकद आहे, ती बाईवर कशी चालते, ती बाई मग ती कुणावर चालवते. त्या काळातल्या त्यांच्या इतर पटकथा, 'सामना', 'निशांत', 'आक्रोश', 'उंबरठा', याच वाटेवरच्या आहेत. त्यामुळं चित्रपटाचं केंद्र आहे तो पुरुष आणि ती बाई यांचं नातं. तपास हा दुय्यम.

नावं बदलली, यानं नेमकं काय झालं? वरवर बघता काहीच नाही. १९८१ साली कुणालाही कळत होतं की हे मानवत आहे. पण नाव बदलणं हा पडद्यावरचा एक प्रकारचा 'म्हणे'च आहे. चित्रपट जणू सांगतो: मी त्या घटनेवरून रचलेली गोष्ट सांगतोय, मुकुटराव आणि रूही ही माझी माणसं आहेत, त्यांचा दोष मी ठरवलाय. गोष्टीपुरता तो दोष पक्का आहे, तिथं संशयाला जागा नाही. पण तो रूहीचा आहे. ज्या बाईला कोर्टानं सोडलं तिच्या नावावर तो थेट चढत नाही. हे अंतर लहान आहे, पण आहे.

दुसरी आवृत्ती यायला त्रेचाळीस वर्षं लागली. ऑक्टोबर २०२४मध्ये सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचं, आधार रमाकांत कुलकर्णींच्या इंग्रजी आठवणींच्या पुस्तकाचा. कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, उत्तमरावांच्या मकरंद अनासपुरे, रुक्मिणीच्या सोनाली कुलकर्णी आणि तिची बहीण समिंद्री झालीय सई ताम्हणकर. मला मालिका आवडली, हे आधी सांगून टाकते. अनासपुरे मराठवाड्याचेच, विनोदी भूमिकांमधून ओळखीचा असलेला तो आवाज इथं थंडपणे ऐकताना अंगावर काटा येतो. पालेकरांच्या बाबतीत जे झालं तेच पुन्हा झालं, फक्त चाळीस वर्षांनी लाडक्या चेहऱ्याची व्याख्या बदलली होती.

पण दोन मोठे बदल झाले. एक, खरी नावं परत आली. गावाचं नाव तर थेट शीर्षकात गेलं. दोन, गोष्ट कुणाच्या नजरेनं सांगायची हे बदललं. 'आक्रीत'मध्ये आपण त्या दोघांच्या घरात होतो. इथं आपण मुंबईहून येणाऱ्या साहेबांबरोबर गावात शिरतो. कथनशास्त्रात याला दृष्टिकेंद्र म्हणतात. शब्द जड आहे, प्रश्न सोपा: कॅमेरा कुणाच्या खांद्यावर आहे? आधार पोलीस अधिकाऱ्याचं आत्मकथन असेल तर कॅमेरा त्याच्याच खांद्यावर जाणार, यात आश्चर्य नाही. गंमत अशी की यामुळं गोष्टीतला परका माणूसच बदलतो. गावाबाहेरची, गावानं कधीच आपली न मानलेली बाई ही खरी उपरी. पण मालिकेत एकटेपणा, अनोळखी प्रदेश, लोकांचा अविश्वास हे सगळं साहेबांच्या वाट्याला येतं. तेही परकेच होते, खरंय. फरक एवढाच की काम झाल्यावर त्यांना परत जायला मुंबई होती.

आता कॅमेऱ्याच्या मूळ अडचणीकडं येते. रूपांतराच्या अभ्यासात लिंडा हचन या कॅनडाच्या अभ्यासक महत्त्वाच्या आहेत, त्यांचं पुस्तक २००६चं. त्या सांगणं आणि दाखवणं हे दोन वेगळे व्यवहार मानतात. कादंबरी सांगते, नाटक-सिनेमा दाखवतो. मी या फरकात आपला मराठी शब्द घालून बघतेय. साक्षीदार कोर्टात उभा राहून सांगतो, 'बाईनं आम्हाला पैसे देऊ केले.' हे सांगणं आहे. ऐकणारा न्यायाधीश मनात 'म्हणे' जोडून ऐकतो, आणि मग दुजोरा शोधतो. आता हेच वाक्य पडद्यावर आणा. साक्षीदार बोलायला लागतो, चित्र धूसर होतं, फ्लॅशबॅक, आणि आपल्यासमोर बाई बसलेली, कंदिलाचा उजेड, पैशाची पुरचुंडी हातातून हातात जाते. झालं. तुम्ही आता ते ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. साक्ष संपली आणि घटना सुरू झाली. नंतर पडद्यावर चार ओळी लिहून 'कोर्टानं निर्दोष मुक्त केलं' असं कितीही सांगा, प्रेक्षकाच्या डोळ्यांनी पाहिलेलं कसं पुसणार? प्रेक्षक एवढाच निष्कर्ष काढतो की कोर्ट चुकलं. किंवा पैशानं सुटले.

हा आरोप एखाद्या मालिकेवर नाही. गुन्ह्यावरचा जवळपास प्रत्येक चित्रपट असाच चालतो, कारण आपल्याला तसाच आवडतो. १९५० साली हिचकॉकनं 'स्टेज फ्राइट'मध्ये सुरुवातीला एक फ्लॅशबॅक दाखवला आणि शेवटी कळतं की तो खोटा होता. प्रेक्षक आणि समीक्षक चिडले. पात्र खोटं बोललं तर चालतं, पण कॅमेरा खोटं कसा बोलला? हे चिडणं किती बोलकं आहे बघा. आपण कॅमेऱ्याला साक्षीदार मानतच नाही, घटनाच मानतो. त्याच साली जपानमध्ये कुरोसावाचा 'राशोमोन' आला. एकच खून, चार जणांची चार कथनं, चारही डोळ्यांसमोर घडताना दाखवलेली आणि एकमेकांशी न जुळणारी. कॅमेऱ्याला 'म्हणे' शिकवण्याचा हा बहुधा सगळ्यात प्रसिद्ध प्रयत्न.

पण माझं लाडकं उदाहरण तिसरं आहे, कारण त्यात प्रश्न कलेपुरता नव्हता. १९७६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात एका पोलिसाचा खून झाला. शिक्षा झाली रँडल अ‍ॅडम्स नावाच्या माणसाला, जो ओहायोहून आलेला, शहरात नवखा, कुणाच्या ओळखीचा नाही. एरॉल मॉरिसनं १९८८ साली 'द थिन ब्लू लाइन' हा माहितीपट केला. त्यात खुनाचा प्रसंग पुन्हा पुन्हा उभा केलाय, पण दर वेळी एकेका साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणं. ही म्हणते म्हणून असं, तो म्हणतो म्हणून तसं. तेच तेच बघताना हळूहळू ध्यानात येतं की या साक्षी एकमेकींत बसत नाहीत. पुढच्या वर्षी अ‍ॅडम्स तुरुंगातून सुटला, आणि त्यात या चित्रपटाचा मोठा वाटा होता. म्हणजे दाखवण्यालाही 'म्हणे' लावता येतो. फक्त तो मुद्दाम लावावा लागतो, आपोआप येत नाही.

मग मानवतच्या बाबतीत तो कुणी का लावला नाही? याचं उत्तर मी तंत्रात शोधत नाही. आपल्याला रुक्मिणीचं म्हणणं ऐकूच आलेलं नाही, तर ते दाखवणार कसं? पोलिसांचं कथन आहे, पुस्तकाच्या रूपात, उत्तम लिहिलेलं. कोर्टाचं आहे. गावाचं आहे, आजही रोज सांगितलं जातं. उत्तमरावांसारख्या माणसाकडं गावात आवाज असतोच. तिच्याकडं काय होतं? खटल्याच्या कागदांत आरोपीचं म्हणणं हे प्रश्नांची उत्तरं म्हणून येतं, तेही वकिली भाषेत. 'आक्रोश' आठवतोय? त्यातला आदिवासी आरोपी जवळजवळ पूर्ण चित्रपटभर बोलतच नाही. तेंडुलकरांनी १९८०च्या त्या चित्रपटात मौन हाच विषय केला. पुढच्याच वर्षी मानवतकडं आले तेव्हा मात्र रूहीला बोलकं केलं, आणि बोलकं केलं म्हणजे दोषी केलं. दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघितले की हे जास्तच टोचतं.

आणि हे घडत होतं त्याच वर्षांत मराठी पुस्तकांमध्ये काय चाललं होतं? १९८० साली लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं. १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. गायकवाड लातूरजवळच्या धनेगावचे, लातूरच्या सूतगिरणीत काम केलेले. 'उचल्या'ला साहित्य अकादमी मिळालं, ते आमच्या अभ्यासक्रमातून अनेकांनी वाचलंय. ते पुस्तक मी या संशोधनासाठी पुन्हा उघडलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते एक प्रकारे पोलीस तपासाचंच पुस्तक आहे, फक्त झोपडीच्या आतून. पोलीस येतात, बायापोरांसकट झोडपतात, सामान उधळतात, कबुली मागतात. इथं कॅमेरा साहेबांच्या खांद्यावरून उतरून चुलीपाशी बसलाय. मानवतच्या मालिकेत ज्या तपासाकडं आपण चातुर्य म्हणून बघतो, तोच तपास या बाजूनं कसा दिसतो हे समजून घ्यायला 'उचल्या'इतकं दुसरं पुस्तक आपल्या भागात नाही. 'उचल्या' पारध्यांचं नाही, दुसऱ्या जमातीचं आहे, हे खरं. पण शिक्का तोच आणि जिल्हाही शेजारचाच. चित्रपटांनी हे दार उघडलं नाही. साहित्यात उघडलं होतं, तरीही.

मालिका आल्यावर माझ्या एका व्याख्यानात एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, 'मॅडम, मग तुमचं म्हणणं ती निर्दोष होती?' मला ते ठरवायचं नाही. मला अधिकारही नाही, पुरावाही नाही. मी एवढंच म्हणतेय की ज्यांना अधिकार होता आणि ज्यांच्यासमोर पुरावा होता त्यांनी तिला दोषी मानलं नाही, आणि तरी तिचं खरं नाव घेऊन तिला दोषी दाखवायला आपल्याला काहीच जड गेलं नाही. एखाद्या शहरी, शिकलेल्या, मोठ्या घरच्या सुटलेल्या आरोपीबाबत हे इतकं सहज झालं असतं का? वकिलाची नोटीस तरी आली असती. मी स्वतः या लेखात तिचं फक्त पहिलं नाव लिहिलंय, कारण निकालात आणि मालिकेत ते आहेच. त्याहून जास्त ओळख पटवायची गरज नाही.

याच चर्चेत आणखी कुणीतरी हरवतं, तेही सांगायला हवं. रुक्मिणी खलनायिका की बळीचा बकरा, कुलकर्णी किती हुशार, या सगळ्यात त्या मुली कुठं आहेत? बहुतेक आवृत्त्यांमध्ये त्या पहिल्या प्रसंगात शेतातून चालत येतात आणि संपतात. दुष्काळात पोटासाठी एकट्या बाहेर पडलेल्या गरिबांच्या पोरी. त्यांच्या आईबापांच्या बाजूनं, ७२च्या त्या कामावरच्या रांगेतून ही गोष्ट अजून कुणीच सुरू केलेली नाही. मला कुणी पटकथा लिहायला सांगितली तर मी तिथून सुरू करीन. मांत्रिक आणि पिंपळ यांच्यापर्यंत कदाचित पोचणारही नाही.

आपल्याकडं मानवतचं नाव निघतं ते बहुधा अंधश्रद्धेच्या संदर्भात. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. तो व्हायलाच हवा होता. पण मानवतकडं फक्त 'अडाणी लोकांची अंधश्रद्धा' म्हणून बघितलं की एक सोय होते. दोष मुंजाबावर आणि त्याला मानणाऱ्या पारधी बाईवर जातो. सावकारी, दारूचे धंदे, दुष्काळ, पोलीस कोठडी हे सगळं पार्श्वभूमीत. 'आक्रीत' या बाबतीत मालिकेपेक्षा सरस वाटतो, कारण त्याला भुतापेक्षा मुकुटरावात जास्त रस आहे.

कुलकर्णींच्याच दुसऱ्या प्रकरणाशी ताडून बघा. रामन राघववर श्रीराम राघवन यांनी १९९१मध्ये रघुवीर यादवला घेऊन चित्रपट केला. २०१६ साली अनुराग कश्यपनं 'रामन राघव २.०' केला, त्यात काळ आजचा, मारेकरी दुसराच, आणि पोलीस अधिकारी जवळपास त्याच्याइतकाच बिघडलेला. म्हणजे मुंबईच्या गोष्टीला दुसऱ्या फेरीत पोलिसावर संशय घ्यायची मोकळीक मिळाली. मानवतच्या गोष्टीला दुसऱ्या फेरीत पोलिसाची आरती मिळाली. राघव पायाखालच्या फुटपाथवरचा होता, तरी शेवटी महानगराचा. मानवत फार लांब पडतं.

तुम्हाला हा धागा स्वतः तपासून बघायचा असेल तर माझा सल्ला असा, की आधी निकाल वाचा. इंग्रजी आहे, पण चंद्रचूडांचं इंग्रजी सरळ आहे आणि 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७७' असं शोधलं की इंटरनेटवर फुकट मिळतो. नंतर 'आक्रीत', नंतर मालिका. मालिका बघताना हातात पेन्सिल ठेवा आणि प्रत्येक फ्लॅशबॅकपाशी एकच नोंद करा: हे कुणी सांगितलं? हवालदारानं, माफीच्या साक्षीदारानं, गावानं, की कुणीच नाही? मी आठही भाग असे बघितले. वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहावं लागलं ते शेवटचं उत्तर.